प्रोग्रामेबल सुरक्षा नियंत्रक

यंत्रामुळे किंवा रासायनिक प्रक्रियेमुळे माणसाच्या जिवाला धोका उद्भवताच ती सुरक्षित स्थितीत नेण्यासाठी खास बांधलेला औद्योगिक संगणक. कारखान्यात त्याला ‘सेफ्टी पीएलसी’ म्हणतात; पीएलसी म्हणजे प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर, यंत्रे चालवणारा औद्योगिक संगणक. इमर्जन्सी स्टॉपचे बटण, संरक्षक दार उघडल्याचे कळवणारा इंटरलॉक स्विच, प्रकाशकिरणांचा पडदा म्हणजे लाइट कर्टन, तसेच दाब, तापमान व पातळीचे संवेदक यांच्याकडून तो संकेत घेतो. धोका दिसला की मोटारीचे कॉन्टॅक्टर (मोटारीची वीज जोडणारे-तोडणारे विद्युत स्विच), हायड्रॉलिक झडपा किंवा इंधनाची झडप यांचा वीजपुरवठा तोडतो.

हे काम साधा पीएलसीही करील असे वाटते. अडचण तो बिघडल्यावर समजते. आउटपुटमधला ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, तर प्रोग्रामने ‘बंद’ म्हटले तरी तारेवर २४ व्होल्ट कायम राहतात आणि मोटार फिरतच राहते. असा बिघाड मुका असतो. यंत्र तातडीने थांबवायची वेळ येईपर्यंत तो कुणाच्या ध्यानातही येत नाही, आणि त्या वेळी कुणाचा तरी हात आत असतो. सुरक्षा नियंत्रकाची सारी रचना या मुक्या बिघाडाला बोलते करण्यासाठी आहे.

त्यासाठी आत किमान दोन स्वतंत्र प्रक्रियावाहिन्या एकच गणित सोडवतात आणि उत्तरे ताडून पाहतात. उत्तरे जुळली नाहीत, तर आउटपुट बंद होतात. स्मृती, घड्याळ आणि वीजपुरवठा यांची तपासणी काम चालू असतानाच होत राहते. बाहेरच्या तारांवरही तेवढेच लक्ष असते. इमर्जन्सी स्टॉपच्या बटणात एरवी जोडलेले राहणारे, म्हणजे एनसी (नॉर्मली क्लोज्ड) प्रकारचे, दोन कॉन्टॅक्ट असतात. त्यामुळे तार तुटली तरी परिणाम बटण दाबल्यासारखाच होतो. दोन्ही वाहिन्यांवर नियंत्रक निरनिराळ्या वेळी क्षणिक चाचणी-स्पंद सोडतो. केबल चिरडून दोन तारा एकमेकींना टेकल्या, की एकीचा स्पंद दुसरीवर उमटतो आणि दोष उघडा पडतो. आउटपुटही अधूनमधून क्षणभर बंद करून पाहिले जातात. हा क्षण इतका लहान असतो की कॉन्टॅक्टर हलतही नाही, पण शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर सापडतो. कॉन्टॅक्टर खरोखर सुटला की चिकटून राहिला, हे त्याच्या साहाय्यक कॉन्टॅक्टवरून वाचले जाते.

पूर्वी ही जबाबदारी तारांनी जोडलेल्या रिलेंवर, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचांवर, होती. जर्मनीतील पिल्झ कंपनीचा ‘पीनॉझ’ हा सुरक्षा रिले १९८७ मध्ये बाजारात आला आणि एकट्या यंत्रासाठी असे रिले आजही पुरेसे ठरतात. मात्र लांबलचक उत्पादन साखळीत अनेक दारे व अनेक विभाग आले की रिलेंचे जाळे गुंतते, आणि एका विभागापुरता थांबा हवा असला तरी पॅनेल उघडून वायरिंग बदलावे लागते. सॉफ्टवेअरवर जीव सोपवायला अभियंते बराच काळ तयार नव्हते. तो संकोच रास्तच होता. १९९८ पासून आयईसी ६१५०८ या आंतरराष्ट्रीय मानकाचे भाग प्रसिद्ध होऊ लागले, आणि अशा यंत्रणेची विश्वासार्हता कशी मोजायची याला सर्वमान्य चौकट मिळाली. अमेरिकेत औद्योगिक यंत्रांच्या विद्युत सुरक्षेच्या एनएफपीए ७९ या मानकाने २००२ च्या आवृत्तीत आपत्कालीन थांब्यासाठी सुरक्षा नियंत्रकाला मुभा दिली.

या चौकटीत सुरक्षेच्या सिल १ ते सिल ४ (सेफ्टी इंटिग्रिटी लेव्हल) अशा पातळ्या आहेत; सिल ४ सर्वांत कडक. यंत्रसामग्रीच्या आयएसओ १३८४९-१ या मानकात ‘ए’ ते ‘ई’ अशा श्रेणी आहेत. सतत लागणाऱ्या सुरक्षा कार्यासाठी सिल ३ म्हणजे धोकादायक बिघाडाची शक्यता दर तासाला एक कोटीत एकापेक्षा कमी. हा आकडा संवेदकापासून झडपेपर्यंतच्या संपूर्ण साखळीला लागू होतो. प्रमाणित नियंत्रक विकत आणून त्याला एकच जुना कॉन्टॅक्टर जोडला, तर पातळी त्या कॉन्टॅक्टरमुळे खाली येते. ही चूक फार ठिकाणी होते.

वेग हा वेगळा प्रश्न. हाताचा वेग ताशी नव्हे, सेकंदाला मोजायचा असतो. आयएसओ १३८५५ या मानकात लाइट कर्टन यंत्रापासून किती अंतरावर हवा हे ठरवण्यासाठी हाताचा वेग सेकंदाला २००० मिलिमीटर धरतात. नियंत्रकाने प्रतिसादाला २० मिलिसेकंद जास्त घेतले, तर पडदा यंत्रापासून ४० मिलिमीटर आणखी दूर बसवावा लागतो. प्रोग्राममधला विलंब असा थेट जमिनीवरच्या अंतरात उतरतो.

तेल शुद्धीकरण व रसायन उद्योगात अकारण झालेला शटडाऊनही जोखमीचा असतो. तिथे तीन वाहिन्या ठेवून त्यांपैकी दोघींचे मत ग्राह्य धरण्याची पद्धत रूढ आहे. एक वाहिनी बिघडली तरी प्लांट चालू राहतो आणि दुरुस्तीला अवधी मिळतो. सौदी अरेबियातील एका पेट्रोकेमिकल प्रकल्पात २०१७ मध्ये ‘ट्रायटन’ या घातक संगणक-प्रणालीने अशाच ट्रायकॉनेक्स या नावाच्या सुरक्षा नियंत्रकांवर हल्ला केला. प्रोग्राम बदलण्याची किल्ली ‘प्रोग्राम’ स्थितीत राहिल्याने नवा कोड आत शिरू शकला. मात्र नियंत्रकांच्या अंतर्गत तपासणीत विसंगती आढळली आणि त्यांनी प्रकल्प सुरक्षित स्थितीत नेऊन बंद केला. त्या बंद पडण्याच्या चौकशीतूनच हल्ला उघडकीस आला.