रुग्णाला हात लावण्याआधी

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, शहराबरोबरच अक्कलकोट, मंगळवेढा, धाराशिव आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण येतात. अशा मोठ्या रुग्णालयांच्या वॉर्डांत नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची पहिली ड्यूटी सुरू होते, तेव्हा त्यांचे सगळे लक्ष रक्तदाब घेणे, सलाईनचे थेंब मोजणे आणि चार्ट भरणे यांतच गुंतलेले असते. या सर्व कामांत आपले हात काय वाहून नेत आहेत, हा प्रश्न मात्र बहुतेकांना परीक्षेतला पाठ वाटतो.

भरती होताना रुग्णाच्या शरीरात नसलेला आणि साधारण 48 तासांनंतर दिसू लागलेला संसर्ग हा रुग्णालयात झालेला संसर्ग धरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार तीव्र आजारांसाठी भरती झालेल्या दर 100 रुग्णांमागे श्रीमंत देशांत सुमारे 7 आणि मध्यम व कमी उत्पन्नाच्या देशांत सुमारे 15 जणांना असा एखादा तरी संसर्ग होतो. यातले बरेच संसर्ग टाळता येण्याजोगे असतात, आणि ते टाळण्याची साधने फारशी महागही नसतात.

आपल्या त्वचेवर दोन प्रकारचे जंतू असतात. काही कायमचे रहिवासी असतात. ते त्वचेच्या खोलवर राहतात आणि सहसा त्रास देत नाहीत. दुसरे पाहुणे असतात, ते रुग्णाच्या अंगावरून, चादरीवरून, खाटेच्या कठड्यावरून आपल्या बोटांवर येतात. विद्यार्थिनी एका खाटेवरच्या रुग्णाची नाडी पाहते, जाता जाता त्याची चादर सारखी करते, लॉकरवरचा तांब्या बाजूला सरकवते आणि तशीच शेजारच्या खाटेकडे जाऊन तिथल्या रुग्णाच्या इंट्राकॅथचे, म्हणजे शिरेत बसवलेल्या बारीक नळीचे, झाकण उघडून इंजेक्शन देते. या अर्ध्या मिनिटात तिच्या हातांना डोळ्यांना दिसेल असे काहीही लागलेले नसते, पण शिरेत शिरणारी वाट तिने उघडलेली असते. असिनेटोबॅक्टरसारखे जंतू कोरड्या पृष्ठभागावरही कित्येक आठवडे तग धरतात, त्यामुळे पुसलेली, कोरडी दिसणारी खाट स्वच्छ असेलच असे नाही.

हातांचा हा दोष आकड्यांनी दाखवून दिला तो इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने. व्हिएन्नाच्या रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात शवविच्छेदन करून थेट येणारे डॉक्टर व विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुईणी. आणि सूतिकाज्वराने, म्हणजे बाळंतपणानंतरच्या संसर्गाच्या तापाने, मरणाऱ्या स्त्रियांची संख्या डॉक्टरांच्या विभागात कितीतरी अधिक होती. मे 1847 मध्ये त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये 18 टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये सुमारे 2 टक्क्यांवर आले. जंतू हे रोगाचे कारण असतात हे तेव्हा सिद्धही झालेले नव्हते.

आज हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग शिकवले जातात: रुग्णाला स्पर्श करण्याआधी, निर्जंतुक प्रक्रियेआधी, रक्त वा शरीरातील अन्य द्रवांशी संपर्क आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. यातले 'नंतर'चे प्रसंग बहुधा पाळले जातात, कारण तिथे स्वतःची काळजी असते आणि हातांना घाणही वाटते. चुकतात ते 'आधी'चे दोन, आणि रुग्णाचे रक्षण प्रामुख्याने तेच करतात. हातमोज्यांनी ही चूक आणखी झाकली जाते. मोजे घालणाऱ्याला आपण सुरक्षित आहोत असे वाटते, आणि त्याच मोज्यांनी तो तीन रुग्ण, एक टेलिफोन व दाराची मूठ हाताळून येतो. मोजे प्रत्येक रुग्णासाठी वेगळे असावेत आणि ते काढल्यावरही हात स्वच्छ करावेत.

सोलापूरकरांना नळाचे पाणी काही दिवसांआड येण्याची सवय आहे, तेव्हा पाण्यावाचून काय करायचे हा प्रश्न इथे पुस्तकी नाही. हात दिसण्यासारखे मळलेले नसतील तर अल्कोहोलयुक्त हँडरब 20 ते 30 सेकंद चोळणे साबणापेक्षा अधिक परिणामकारक असते; हातांना रक्त वा घाण लागली असेल, किंवा जुलाबाच्या रुग्णाची सेवा केली असेल, तर मात्र साबण-पाणीच हवे आणि त्याला 40 ते 60 सेकंद द्यावीत. कारण जुलाबाच्या काही जंतूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची कठीण कवचातली सुप्त रूपे, अल्कोहोलला दाद देत नाहीत. धुतलेले हात पुसायचे कशाने, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. टॉवेलसाठी देशभर नाव असलेल्या या शहरातही वॉर्डातला एकच ओला टॉवेल सर्वांनी वापरणे म्हणजे धुण्याचे श्रम वाया घालवणे. एकदाच वापरायचा कागदी रुमाल किंवा प्रत्येकासाठी धुतलेले छोटे कापड हवे. अंगठी, घड्याळ आणि बांगड्या यांच्याखाली ओल व जंतू टिकतात. नव्या नवरीला चुडा उतरवायला सांगणे अवघड जाते हे खरे, पण ड्यूटीवर कोपरापर्यंतचे हात मोकळेच असले पाहिजेत.

रुग्णसुरक्षा म्हणजे केवळ जंतूंपासून बचाव नव्हे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी माणसे इथे एकाच वॉर्डात असतात, आणि लक्ष्मीबाई हे नाव यातल्या तीन भाषांच्या घरांत सहज सापडते. "तुम्हीच लक्ष्मीबाई ना?" असे विचारले तर कमी ऐकू येणारी किंवा मराठी नीट न समजणारी आजी मान डोलावते. म्हणून "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा" असे विचारावे, ते मनगटावरील पट्टी आणि केसपेपरवरील नोंदणी क्रमांकाशी ताडून पाहावे, आणि मगच औषध द्यावे. खाट क्रमांक ही ओळख नव्हे, कारण खाटा बदलतात.

लघवीच्या नळीबाबत दोन गोष्टी पुरेत: पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी आणि तिने जमिनीला टेकू नये. रुग्णाला एक्स-रेला नेताना ती त्याच्या पोटावर ठेवली जाते, तेव्हा साचलेली लघवी उलटी फिरून जंतू आत नेते. नळीची गरज संपली की ती काढण्याबाबत राऊंडला डॉक्टरांना आठवण करून देणे हेही परिचारिकेचेच काम आहे.

रुग्णालयातला कचरा कोणत्या रंगाच्या पिशवीत वा डब्यात टाकायचा हे जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी ठरवले आहे: रक्ताने माखलेला कापूस व ड्रेसिंग पिवळ्यात, सलाईनचे सेट व मोजे लाल पिशवीत, काचेच्या बाटल्या निळ्या खोक्यात, आणि सुया, ब्लेड पांढऱ्या न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा बसवू नये, कारण तसे करताना सुई बोटात घुसू शकते. घुसलीच तर बोट पिळू नये, तोंडात घालू नये. साबण-पाण्याने धुऊन ताबडतोब वरिष्ठांना कळवावे. एचआयव्हीविरोधी औषधे शक्यतो 2 तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. बाधित रक्ताच्या सुईतून एचआयव्ही लागण्याची शक्यता सुमारे 0.3 टक्के असते; लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता मात्र 30 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. या लसीचे तीन डोस असतात, ते 0, 1 आणि 6 महिन्यांनी घेतात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची (अँटीबॉडींची) चाचणी करून घ्यावी, कारण पूर्ण लस घेऊनही थोड्या लोकांत पुरेसे संरक्षण तयार होत नाही आणि ते आधी कळले तर लसीचा क्रम पुन्हा देता येतो.