हातभरणीची काडतुसं आणि रायफलची अचूकता

हातभरणी म्हणजे रिकामी पितळी पुंगळी, प्रायमर (ठोक्याने दारू पेटवणारी बुडातली टोपी), दारू आणि बुलेट म्हणजे गोळी हे चारही भाग जमवून, दारू स्वतः तोलून काडतूस तयार करणं. ढोबळमानाने सेकंदाला ९०० मीटरच्या वर गोळी फेकणाऱ्या शिकारी रायफलींसाठी हे करतात कारण प्रत्येक बार आधीच्यासारखाच जायला हवा असतो, आणि ते एकदा जमलं की अचूकतेचं बरंचसं काम झालेलं असतं.

वेगवान रायफलीची सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काहीजण १८८४ च्या सुमारास फ्रेंच रसायनतज्ज्ञ पॉल व्हिएल यांनी बनवलेल्या बिनधुराच्या दारूपासून धरतात, काहीजण १९१५ च्या .२५०-३००० सॅव्हेज काडतुसापासून, कारण सेकंदाला ३००० फुटांचा आकडा त्याच्या नावातच होता. पहिलं मत जास्त पटतं, दारू बदलली नसती तर १९२५ चं .२७० विंचेस्टर किंवा १९३५ चं .२२० स्विफ्ट ही वेगवान काडतुसं निघालीच नसती. गोव्यात बंदुका घडवायची कला मात्र याच्या कितीतरी आधीची. गोवा जिंकणारे पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्क यांनी १५१३ साली पोर्तुगालच्या राजा मानुएलला कळवलं होतं की इथले कारागीर युरोपातल्या बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका करतात. आता ही कारागिरी आदिलशाहीतल्या तुर्की वळणाची की पोर्तुगीजांबरोबर आलेली, यावर अभ्यासकांत वाद आहे, बहुधा दोन्ही एकत्र आलं असावं. ती सगळी ठासणीची बंदूक, दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासायची, म्हणजे तिथे प्रत्येक बार एका अर्थी हातभरणीचाच.

सातत्य म्हटलं की लोक आधी वेगातला फरक मोजायला बसतात, आणि इथेच बराच गैरसमज आहे. .२७० मधून १३० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) गोळी सेकंदाला साधारण ९५० मीटरने सुटते असं धरा आणि दोन बारांच्या वेगात १० मीटरचा फरक पडला, तर १०० मीटरवर गोळी खाली-वर होते जेमतेम मिलिमीटरभर, ३०० मीटरवर सव्वा सेंटीमीटरच्या आसपास, ६०० मीटरवर मात्र सहा-सात सेंटीमीटर. म्हणजे शिकारीच्या नेहमीच्या अंतरावर दारूच्या दशांश ग्रेनसाठी जीव टाकण्यापेक्षा बुलेट पुंगळीत सरळ बसली आहे का, ती नळीतल्या आट्यांपासून (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांपासून) किती लांब आहे आणि पुंगळीच्या गळ्याची पकड सगळीकडे सारखी आहे का हे बघणं जास्त कामाचं. गळा पुन्हापुन्हा दाबून-फुगवून पितळ कडक होतं, मग पकड बदलते, म्हणून जाणकार पुंगळीचा गळा मधूनमधून तापवून नरम करतात. बुलेटचा बूड वाकडा असेल तर ती नळीबाहेर पडतानाच भरकटते, हे अमेरिकेत फ्रँकलिन मान यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच प्रयोगांनी दाखवलं होतं. निशाण्यावर जवळजवळ पडलेला तीन बारांचा सुंदर गट बघून भरणी ठरवणं हीसुद्धा घाई, तीन बार फार कमी पडतात, दहा मारले की खरा पसारा दिसतो.

उष्णतेने दारूचा दाब वाढतो, नायट्रोग्लिसरीन असलेल्या दारूत सहसा जास्तच. थंडीत ठरवलेली कमाल भरणी मे महिन्यात बंद गाडीत तापलेल्या काडतुसात धोक्याची ठरू शकते, कारण .२७० सारख्या काडतुसाच्या दाबाची मान्य मर्यादाच ४३०० बारपर्यंत (इथे बार म्हणजे दाबाचं एकक) आहे आणि तिच्यावर फारशी मोकळीक उरत नाही. बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा दांडा) जड उघडायला लागला किंवा प्रायमर चपटा दिसला की तिथेच थांबायचं.

गोव्यात आज याचा वापर मर्यादितच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे काडतूस बनवायलाही लायसन लागतं. सत्तरी, सांगे, काणकोण भागात पीक राखायला लायसनच्या बंदुका आहेत, त्यात ठासणीच्याही, आणि निवडणूक लागली की त्या पोलीस स्टेशनात जमा कराव्या लागतात. ठासणीतली काळी दारू पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढते, मग बार कधी उशिरा पेटतो तर कधी पेटतच नाही.