तीन तारांची बेरीज शून्य

"आक्का, लाईनपासनं ६० मीटरवर घर बांधू का नको?" मामेभावाचा फोन होता. तासगाव तालुक्यात त्याची द्राक्षबाग आहे, बागेच्या कडेला घराचा पाया आखलाय आणि बागेवरून २२० केव्हीची (२ लाख २० हजार व्होल्टची) टॉवर लाईन जाते. गावात कुणीतरी त्याला सांगितलं, रात्री लाईनीखाली नुसती ट्यूब धरली तरी उजळते. मग माणसाच्या हाडांचं काय होत असेल?

ट्यूब खरंच उजळते. तारांभोवतीचं विद्युत क्षेत्र ट्यूबमधल्या विरळ वायूतले इलेक्ट्रॉन हलवतं, त्याला तेवढं पुरतं. पण हे क्षेत्र भिंती आणि झाडं बऱ्यापैकी अडवतात. लोक याला 'रेडिएशन' म्हणतात, पण तो शब्दही इथं फसवा आहे. क्ष-किरण रेणू तोडतात. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणजे ५० हर्ट्झची, तिची तरंगलांबी ६००० किलोमीटर. रेणू तोडायला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा तिच्या एका फोटॉनची (लहरीतल्या ऊर्जेच्या सर्वांत छोट्या पुडीची) ऊर्जा कित्येक लाख कोटी पटींनी कमी असते.

उरतं चुंबकीय क्षेत्र. ते भिंतीतून आरपार जातं, म्हणून खरा प्रश्न त्याचाच. आणि इथं जे घडतं ते मला फार सुंदर वाटतं.

समजा एकाच तारेतून ३०० अँपिअर वाहतायत. ६० मीटरवर तिचं क्षेत्र १ मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) भरतं. पण लाईनीत तारा तीन असतात आणि त्यांचे प्रवाह एकाच वेळी चढत-उतरत नाहीत. प्रत्येक जण आधीच्याच्या एक तृतीयांश आवर्तन मागे असतो. ज्या क्षणी पहिल्या तारेत प्रवाह शिखरावर, म्हणजे १०० भाग पुढच्या दिशेने असतो, त्याच क्षणी दुसऱ्या दोघींत ५०-५० भाग उलट्या दिशेने असतो. बेरीज शून्य. कुठलाही क्षण धरा, बेरीज शून्यच. तीनही तारा एकाच जागी असत्या तर बाहेर क्षेत्रच उरलं नसतं. त्या एकमेकींपासून काही मीटर लांब असतात म्हणून थोडं उरतं, आणि दूर जावं तसं ते झपाट्याने विरतं: एकट्या तारेचं क्षेत्र दुप्पट अंतरावर निम्मं होतं, तिघींचं पाव. भावाच्या पायापाशी माझा हिशेब ०.२ मायक्रोटेस्लाच्या आत येतो.

हा आकडा कशाशी ताडायचा? १९७९ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये नॅन्सी वर्दाइमर आणि एड लीपर यांना तारांजवळच्या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त दिसलं. २००० मध्ये अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र केल्या, तेव्हा घरातलं सरासरी क्षेत्र ०.४ मायक्रोटेस्लाच्या वर असलेल्या थोड्या मुलांत धोका साधारण दुप्पट आढळला. मुळात हा आजार दुर्मीळ. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या क्षेत्राला '२ बी' गटात ठेवलं, म्हणजे शक्यता नाकारता येत नाही, पुरावा अपुरा. प्राण्यांवरच्या प्रयोगांनी त्याला बळ दिलेलं नाही. ब्रिटनमध्ये तर जुन्या दशकांत दिसलेला वाढीव धोका पुढच्या दशकांत ओसरला, लाईनी होत्या तिथंच असूनही. ते क्षेत्राचं काम असतं तर ओसरायचं कारण नव्हतं.

या भीतीवर लोक तांब्याचे पिरॅमिड आणि 'रेडिएशन शोषणारे' स्टिकर विकतात याचा मला मनापासून राग येतो. ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र स्टिकरने अडत नाही.

जपायचं ते वेगळ्याच ठिकाणी. लाईनीला समांतर गेलेल्या द्राक्षाच्या मांडवाच्या तारांत आणि रबरी टायरवर उभ्या ट्रॅक्टरमध्ये व्होल्टेज तयार होतं, हात लावला की झिणझिणी येते. मांडवाच्या तारांना ठिकठिकाणी अर्थिंग हवं. आणि २२० केव्हीची सर्वांत खालची तार जमिनीपासून कमीत कमी सुमारे ७ मीटरवर असते. बोअरचा पाईप २० फुटी, म्हणजे ६ मीटर. मोटर काढताना तो उभा धरून छातीपर्यंत उचलला की ७ मीटर झालेच, आणि एवढ्या दाबाची वीज तारेला टेकायचीही वाट बघत नाही, हवेतूनच उडी घेते.

भावाला म्हटलं, घर बांध. पण नवा बोअर त्याने लाईनीच्या बरोबर खाली आखला होता, पाणाड्याने जागा दाखवली म्हणून. तो मात्र हलवायला लावला.