शालेय प्रार्थना (कोकणातील)

शाळा भरताना किंवा सुटताना विद्यार्थ्यांनी सामुदायिकपणे म्हणावयाची प्रार्थना. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत ती धार्मिक ठरते काय, हा वादाचा विषय आहे. कोकण किनाऱ्यावर मराठी, उर्दू आणि मिशनच्या शाळा शेजारीशेजारी वाढल्याने या वादाचे बहुतेक पैलू तेथे एकत्र आढळतात.

पंतोजींच्या शाळांत धुळाक्षरांपूर्वी ‘श्रीगणेशाय नमः, ओनामासीधं’ म्हणवून घेत. ‘ओनामासीधं’ हा ‘ॐ नमः सिद्धम्’चा अपभ्रंश मानला जातो, मूळ प्रयोग कोणाचा, याविषयी मात्र मतभेद आहेत. काहींच्या मते ते जैन परंपरेतील सिद्धांना केलेले वंदन होय. परंतु संस्कृतात ‘नमः’च्या योगे चतुर्थी विभक्ती अपेक्षित असल्याने ‘सिद्धम्’ हे रूप तेथे नीट बसत नाही. कातंत्र या संस्कृत व्याकरणग्रंथाच्या ‘सिद्धो वर्णसमाम्नायः’ या पहिल्या सूत्राशी काही अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. शिलालेखांच्या आरंभी सुटा येणारा मंगलवाचक ‘सिद्धम्’ लक्षात घेता, ‘नमः’ आणि ‘सिद्धम्’ ही दोन स्वतंत्र मंगलवचने पाठांतरात एकत्र झाली असावीत, हे मत अधिक सयुक्तिक दिसते. तसे असल्यास शाळेतील या पहिल्या वचनाला एका पंथाची प्रार्थना म्हणणे अवघड होते. मराठीत ‘ओनामा’चा अर्थ नुसता ‘आरंभ’ एवढाच उरला आहे.

स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ च्या सुमारास बाणकोट व पुढे हर्णै येथे काम सुरू केले. त्यांच्या शाळांत ख्रिस्ती शिकवण उघडपणे दिली जाई. १८५४ च्या वुडच्या खलित्याने (कंपनी सरकारच्या शिक्षणविषयक धोरणपत्राने) सरकारी शाळा धर्मशिक्षणापासून अलिप्त ठेवल्या, मात्र मिशनच्या शाळांना त्यांतील लौकिक शिक्षणासाठी अनुदानाचा मार्ग मोकळा केला. दापोलीच्या मिशन शाळेत धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे शिकले, तसेच साने गुरुजीही. गुरुजींचे ‘खरा तो एकची धर्म’ आज अनेक मराठी शाळांत प्रार्थना म्हणून गाइले जाते.

संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः राज्याच्या निधीवर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत असे शिक्षण किंवा उपासना विद्यार्थ्यावर त्याच्या, किंवा तो अल्पवयीन असल्यास पालकाच्या, संमतीवाचून लादता येत नाही. प्रार्थनेला ‘शिक्षण’ म्हणावे की ‘उपासना’, हीच खरी अडचण आहे. धर्मांविषयी माहिती देणे म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये म्हटले; पण माहिती देणे आणि हात जोडायला लावणे या भिन्न गोष्टी आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नाशिकच्या एका प्रकरणात, प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्याची सक्ती शिक्षकावर करता येणार नाही, असा निर्णय दिला. केंद्रीय विद्यालयांतील ‘असतो मा सद्गमय’विषयीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपविण्याच्या दृष्टीने सरन्यायाधीशांपुढे ठेवला.

शाळा भरतानाच्या सामूहिक परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार व बऱ्याच ठिकाणी पसायदान असते. २६ जानेवारी २०२० पासून महाराष्ट्रातील शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचे वाचनही सुरू झाले. उर्दू शाळांत इक्बाल यांची ‘लब पे आती है दुआ’ रूढ आहे. दसऱ्याच्या पाटीपूजनाला मुले पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढतात आणि तिला झेंडूची फुले वाहतात. परिपाठाच्या वेळापत्रकात तिला जागा नसते.