पाटीवरचं नाव आणि कागदावरची कंपनी: जुन्या ऑस्ट्रेलियन कॅरव्हॅनचा कारखाना शोधताना

“कंपनी अमुक साली सुरू झाली, तमुक साली बुडाली.” जुनी कॅरव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढायचं चाकांवरचं घर, विकणारा माणूस हे वाक्य ठामपणे सांगतो, घेणारा तेच पुढच्याला सांगतो, आणि दहा वर्षांत तो इतिहास होऊन बसतो. मी सिडनीत राहतो, सुट्टीच्या दिवशी जुन्या कॅरव्हॅन दुरुस्त करतो आणि त्या बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांची माहिती गोळा करतो. या वाक्यातली सालं मी अनेकदा तपासली आहेत. बहुतेक वेळा ती खरी निघतात, पण भलत्याच गोष्टीची असतात.

पहिलं साल असतं कंपनी नोंदवल्याचं. दुसरं असतं ती गुंडाळल्याची नोटीस छापून आल्याचं. कॅरव्हॅनच्या कपाळावर जे नाव आहे, त्याचा जन्म-मृत्यू यांतल्या एकाशीही जुळेलच असं नाही.

गाडीबद्दल मी लिहीत बसत नाही. बॉन्डवुड म्हणजे पातळ प्लायवूडचा पत्रा, आत लाकडी सांगाडा, होल्डन मोटारीला ओढता येईल अशा बेताने ठरवलेली लांबी आणि वजन, हे सगळं या छंदातल्या माणसाला पाठ असतं. खिडकीच्या कडीवरून दशक ओळखणारे लोक मी पाहिलेत. तेच लोक कागद हातात घेतल्यावर अडखळतात, कारण त्यांनी नाव आणि कंपनी एकच धरलेली असते.

नाव म्हणजे दुकानावरची पाटी. पाटी स्वतः कर्ज काढू शकत नाही, तिच्यावर दावा लावता येत नाही, आणि म्हणून ती बुडूही शकत नाही. पाटीच्या मागे कुणीतरी असावं लागतं: एकटा माणूस, दोन भावांची भागीदारी, किंवा प्रोप्रायटरी लिमिटेड कंपनी, म्हणजे आपल्याकडच्या प्रायव्हेट लिमिटेडसारखी. मागचा माणूस बदलला तरी पाटी तीच राहू शकते. मागची कंपनी मिटली तरी पाटी दुसऱ्याला विकता येते. आणि एकच कंपनी तीन पाट्या लावू शकते. सातबाऱ्यावर आजचा मालक दिसतो, पण जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते बघायला फेरफार काढावे लागतात. इथेही तेच. पाटी वाचून फेरफार कळत नाहीत.

जेको या कॅरव्हॅनच्या नावाचंच घ्या. ऑस्ट्रेलियातली जेको गेरी रायन यांनी १९७५ मध्ये व्हिक्टोरियात सुरू केली. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, मिडलबरी गावात, लॉइड बॉन्ट्रेगर यांनी १९६८ मध्ये सुरू केलेली जेको वेगळी. २०१६ मध्ये थॉर इंडस्ट्रीजने विकत घेतली ती ही अमेरिकेतली. त्यावरून “आपली जेको अमेरिकन मालकीची झाली” असं म्हणणं म्हणजे शेजारच्या गावातल्या देशमुखांचा वाडा विकला गेला म्हणून आपल्या गावातल्या देशमुखांना बेघर ठरवणं आहे. उलट प्रकार विंडसर या कॅरव्हॅनच्या नावाचा. ते नाव एके काळी पर्थच्या फ्लीटवुड कंपनीकडे होतं, कोरोमल या दुसऱ्या नावासोबत. पुढे दोन्ही नावं ब्रिस्बेनच्या अपोलो कंपनीकडे गेली. देशाच्या पश्चिम टोकाकडून पूर्व टोकाकडे नाव प्रवास करून आलं. तेव्हा “विंडसर कुठे बनायची?” या प्रश्नाला साल विचारल्याशिवाय उत्तरच नाही. कॅरापार्क हे नाव तर १९५० च्या दशकात कॅरव्हॅनवरही होतं आणि मोटेलवरही, त्यामुळे नुसतं नाव टाकून शोधलंत तर खोल्यांच्या जाहिराती हाती येतात.

आता सुरुवातीच्या सालाकडे येऊ, कारण सर्वाधिक चुका इथेच होतात. ऑस्ट्रेलियात पेट्रोलचं रेशनिंग ऑक्टोबर १९४० पासून फेब्रुवारी १९५० पर्यंत होतं. ते उठलं आणि हिंडायची ओढ असलेल्या घरांनी कॅरव्हॅनची मागणी वाढवली. ती भागवणाऱ्यांत मोठे कारखानदार कमी होते. सुतार, मोटारींच्या बॉड्या बांधणारे कारागीर, परसातल्या शेडमध्ये एक कॅरव्हॅन स्वतःसाठी बांधून शेजाऱ्याला दुसरी विकणारे गृहस्थ, असे लोक त्यात होते. त्यांनी पहिल्या दिवशी कंपनी नोंदवली नाही. आधी स्वतःच्या आडनावाने विकलं, मग एखादं झोकदार नाव घेतलं, धंदा वाढला, जोखीम वाढली, कर्ज हवं झालं, तेव्हा वकिलाकडे जाऊन प्रोप्रायटरी लिमिटेड केली. कंपनीच्या नोंदणीचं साल हे असं धंद्याच्या चौथ्या-पाचव्या वर्षाचं असू शकतं. तेच साल धरून एखाद्याची कॅरव्हॅन “कंपनीच्या आधीची, म्हणजे बनावट” ठरवलेली मी पाहिली आहे. फार वाईट वाटतं, कारण ती बहुधा त्या कारागिराच्या स्वतःच्या हातची असते.

नोंदी शोधताना आणखी एक चकवा आहे. व्यापारी नावांची नोंद पूर्वी प्रत्येक राज्यात वेगळी होती. देशभराची एकच नोंदवही २८ मे २०१२ पासून सुरू झाली. कंपन्यांचं काम राष्ट्रीय पातळीवर १९९१ मध्ये आलं आणि तेव्हापासून कंपनीला नऊ आकडी क्रमांक असतो. त्याआधी राज्यांत नोंदलेल्या, तोवर जिवंत असलेल्या कंपन्यांनाही तो मिळाला. क्रमांक ००० ने सुरू होत असेल तर कंपनी बहुधा न्यू साउथ वेल्सची जुनी, ००४ ने असेल तर बहुधा व्हिक्टोरियाची. पण १९९१ च्या आधीच मिटवलेली कंपनी आजच्या ऑनलाइन नोंदवहीत सहसा सापडत नाही. मग होतं काय, १९५८ ची कॅरव्हॅन असलेला माणूस नाव टाकतो, त्याच नावाची अलीकडे नोंदवलेली कुठलीतरी कंपनी समोर येते आणि तो तिच्या पत्त्यावर पत्र लिहितो. नाव रिकामं झालं होतं, कुणीतरी उचललं, एवढाच त्याचा अर्थ. जुन्या कंपनीचे कागद राज्याच्या अभिलेखागारात शोधायचे असतात.

शेवटच्या सालाचे दोन सापळे आहेत. पहिला सोपा आहे, तरी लोक पडतातच. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ट्रोव्ह या संकेतस्थळावर बहुतेक वृत्तपत्रं १९५४ च्या अखेरपर्यंतच आहेत. त्यानंतर जाहिरात दिसत नाही म्हणजे कारखाना १९५४ मध्ये बंद पडला असं नसतं. वाचायला ठेवलेले अंक तिथे संपतात. कॅनबेरा टाइम्स १९९५ पर्यंत आहे आणि ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली १९८२ पर्यंत. आधी त्या दोन्हींत शोधा. “१९५४ मध्ये बंद” हे वाक्य कुठेही दिसलं की मी आता त्याच्यावर विश्वासच ठेवत नाही.

दुसरा सापळा राजपत्राचा. न्यू साउथ वेल्सचं राजपत्र ट्रोव्हवर २००१ पर्यंत आहे आणि कंपनी गुंडाळल्याच्या नोटिसा तिथे छापलेल्या असतात. ती नोटीस सापडली की लोक “दिवाळं” लिहून मोकळे होतात. नोटीस नीट वाचा हो! गुंडाळणं मुख्यतः दोन तऱ्हेचं असतं. धनकोंनी घडवून आणलेलं, म्हणजे देणी भागत नव्हती. आणि सभासदांनी स्वखुशीने केलेलं, ज्यात संचालकांना कंपनी आपली सगळी देणी फेडू शकते असं जाहीर करावं लागतं. दुसऱ्या प्रकारात दिवाळं नाहीच. म्हातारपण आलं, जागा विकली, मुलांनी नवी कंपनी काढली, यातलं काहीही असू शकतं. देणी चुकवून सन्मानाने धंदा आवरलेल्या कुटुंबाला नातवंडांसमोर दिवाळखोर म्हणणं हा मला अन्याय वाटतो, आणि तो एक शब्द नीट न वाचल्यामुळे होतो.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. पहिल्या रजिस्ट्रेशनचं साल बनवण्याचं साल नव्हे. न विकलेली कॅरव्हॅन आवारात पडून राहायची. मागच्या बाजूची पट्टी अनेकदा विक्रेत्याची असते, कारखान्याची नसते. किमतीत डॉलर असतील तर पत्रक १४ फेब्रुवारी १९६६ च्या सुमाराचं किंवा नंतरचं, पत्त्यात पिनकोड असेल तर १९६७ किंवा नंतरचं. लिनोलियमखाली सापडलेलं वर्तमानपत्र लिनोलियम कधी अंथरलं ते सांगतं, कॅरव्हॅनचं वय सांगत नाही.

गेल्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जुलैत, मी एक १४ फुटी बॉन्डवुड कॅरव्हॅन उघडली. पुढच्या खिडकीखाली एनॅमलची पाटी होती, निळ्यावर पांढरी अक्षरं. ड्रॉबारवर, म्हणजे कॅरव्हॅन मोटारीला जोडायच्या पुढच्या दांड्यावर, रंगाचे चार थर खरवडल्यावर ॲल्युमिनियमची बोटभर पट्टी निघाली. तिच्यावर वेगळंच नाव, पुढे प्रोप्रायटरी लिमिटेड, आणि हाताने ठोकलेला क्रमांक, ज्यातला ७ किंचित तिरका. विकणाऱ्याने सांगितलं होतं की सांगाडा एकाचा आणि वरचं खोकं दुसऱ्याचं, म्हणून भाव कमी. तो बिचारा मनापासूनच सांगत होता.

मी ट्रोव्हवरच्या वृत्तपत्रांत दोन्ही नावं शोधली. एनॅमलवरच्या नावाच्या जाहिराती भरपूर होत्या, पट्टीवरच्या नावाचं काहीच नाही. मग नावं सोडली आणि जाहिरातीतला पत्ता धरला: रस्त्याचं नाव आणि घर क्रमांक. हा माझा आवडता मार्ग आहे, कारण पाटी बदलते, कंपनी बदलते, पण शेड उचलून नेता येत नाही. शोधताना रस्त्याचं नाव दोन-तीन चुकीच्या स्पेलिंगनेही टाकावं लागतं. जुनी छपाई यंत्राने वाचलेली असते आणि अक्षरं बिघडलेली असतात. कॅरव्हॅनच्या जाहिराती मी बाजूला ठेवल्या आणि ‘माणसं हवीत’च्या रकान्यात गेलो. तिथे त्याच पत्त्यावर सुतार हवेत, दोन सुतार आणि एक पोऱ्या, अर्ज समक्ष करावा, अशी तीन ओळींची जाहिरात होती. तारीख कंपनीच्या नोंदणीच्या आधीची. खाली कंपनीचं नाव नव्हतं, पाटीचंही नव्हतं. एक आडनाव होतं फक्त.

तेच आडनाव पुढे राजपत्रातल्या नोटिशीत, ड्रॉबारच्या पट्टीवरच्या कंपनीच्या संचालकांत आलं. गुंडाळणं सभासदांच्या खुशीचं. सांगाडा आणि खोकं एकाच शेडमधले, एकाच घराच्या हातचे. मी ती पट्टी स्पिरिटने पुसली, दोन्ही रिव्हेट तसेच ठेवले आणि वर रंग दिला नाही.