पिवळा बेडूक आणि सापतोंडी पतंग

मिरगाचा पाऊस पडला की खानापूर-जांबोटीकडचे दोन फोटो हमखास फिरतात. एकात भाताच्या खाचरातला हळदीसारखा पिवळाधमक बेडूक, दुसऱ्यात दिव्याच्या उजेडाला आलेला, ताटलीएवढा तांबूस ॲटलस पतंग. खाली ओळ: ‘दोन्ही जहाल विषारी, दिसताच मारा.’

भीती वाटणं साहजिक आहे, रंगच तसा भडक. पण दोघांच्या रंगामागची कारणं वेगळी आहेत.

बेडूक हा आपला नेहमीचाच मोठा बेडूक, एरवी शेवाळी-तपकिरी. पावसाळ्यात फक्त नर पिवळे होतात, गळ्याखालच्या दोन पिशव्या निळ्या दिसतात, सगळं मादीसाठी. तेच खाचर काही दिवसांनी पाहा. विणीचा जोर ओसरला की पिवळेपणाही उतरतो. डरावणाऱ्या पिवळ्यांमध्ये एखादी मळकट दिसली तर ती बहुधा मादी. विष असतं तर साप आणि बगळे त्याला इतक्या आवडीने खाते ना. (हात लागलाच तर धुवा, चिकट स्रावाने डोळे चुरचुरू शकतात.)

पतंगाचा रंग मात्र बदलत नाही. तो पंखांवरच्या बारीक खवल्यांचा असतो, बोटाला लागते ती भुकटी हीच. पंखांच्या टोकांना सापाच्या तोंडासारखा आकार दिसतो, पक्षी त्याला बिचकत असावेत. चावण्याचा तर प्रश्नच नाही: प्रौढ पतंगाला खाण्याजोगं तोंडच नसतं. अळीपणी साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम आठ-पंधरा दिवस जगतो. भिंतीवर बसला असेल तर दिवा मालवा, जाईल.