डाउडिंग, ह्यू

डाउडिंग, ह्यू : (२४ एप्रिल १८८२–१५ फेब्रुवारी १९७०). ब्रिटिश हवाई दलाचे एअर चीफ मार्शल व १९४० च्या ब्रिटनच्या लढाईतील (जर्मन हवाई हल्ल्यांविरुद्धची लढाई) लढाऊ विमानदलाचे (फायटर कमांड) प्रमुख. जन्म स्कॉटलंडमधील मॉफट येथे. वुलिचच्या लष्करी अकादमीतून ते तोफखान्यात दाखल झाले आणि काही काळ हिंदुस्थानातही होते. पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या सॉमच्या लढाईत, थकलेल्या वैमानिकांना विश्रांती द्यावी, या त्यांच्या आग्रहावरून फ्रान्समधील ब्रिटिश विमानदलाचे (रॉयल फ्लाइंग कोअर) प्रमुख ह्यू ट्रेंचर्ड यांच्याशी त्यांचे मतभेद झाले.

जुलै १९३६ मध्ये स्थापन झालेल्या लढाऊ विमानदलाचे ते पहिले प्रमुख. किनाऱ्यावरील रडार केंद्रे व निरीक्षक दल यांच्याकडून दूरध्वनीने येणारी माहिती पडताळून ती विभागीय नियंत्रण कक्षांकडे पाठवायची आणि तेथून वैमानिकांना रेडिओवरून दिशा द्यायची, अशी यंत्रणा त्यांनी उभारली. त्यामुळे विमाने सतत गस्तीवर ठेवण्याची गरज उरली नाही.

मे १९४० मध्ये जर्मन आक्रमणाला तोंड देणाऱ्या फ्रान्सला आणखी लढाऊ विमाने पाठविण्यास त्यांनी केलेला विरोध प्रसिद्ध असला, तरी त्याचा तपशील वादग्रस्त आहे. १५ मे १९४० रोजी युद्धमंत्रिमंडळापुढे त्यांनी राजीनाम्याची धमकी दिल्याची कथा नंतरच्या कथनांतून रूढ झालेली दिसते. ब्रिटनच्या संरक्षणास २५ स्क्वॉड्रन (लढाऊ विमानांची पथके) पुरेत असे डाउडिंग यांनी सांगितल्याचे चर्चिल यांनी नमूद केले आहे. डाउडिंग यांनी ते नाकारले. १६ मे रोजी हवाई मंत्रालयास लिहिलेल्या पत्रात, आवश्यक ५२ स्क्वॉड्रनपैकी जेमतेम ३६ इतकेच बळ उरल्याचे त्यांनी स्पष्ट लिहिले होते. समकालीन पुरावा म्हणून हे पत्रच अधिक ग्राह्य ठरते.

नोव्हेंबर १९४० मध्ये त्यांच्या जागी शोल्टो डग्लस आले. अनेक स्क्वॉड्रनच्या मोठ्या तुकड्यांनी एकत्रित हल्ला करावा, हा लढाऊ विमानदलाच्या १२ व्या गटाचे प्रमुख ली-मॅलरी यांचा आग्रह आणि त्यास आग्नेय इंग्लंडचे रक्षण करणाऱ्या ११ व्या गटाचे प्रमुख कीथ पार्क यांचा विरोध, या वादात डाउडिंग यांनी वेळीच निर्णय दिला नाही, असा आक्षेप घेतला जातो. हा वाद त्यांच्या गच्छंतीचे मुख्य कारण होता, असे काही इतिहासकार मानतात. तथापि निवृत्तीच्या वयानंतर वारंवार मिळालेली मुदतवाढ आणि रात्रीच्या बाँबहल्ल्यांना रोखण्यातील अपयश यांचा वाटा अधिक असावा. दिवसाच्या लढाईतील त्यांचे यश मात्र यामुळे उणे होत नाही. १९४२ मध्ये ते निवृत्त झाले. १९४३ मध्ये त्यांना उमरावपद मिळाले. हवाई दलाचे सर्वोच्च मार्शलपद मात्र देण्यात आले नाही.